आधी घरच्यांचं रक्त, मग इंजेक्शन : भ्रूणाची जनुकीय तपासणी करताना पाळायचा क्रम

"मॅडम, इंजेक्शनं सुरू झाल्यात, आता ती जनुकांची टेस्टपण करून टाकूया म्हणतोय."

कोल्हापुरात जनुकीय समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की शेवटी हा लेख लिहायला घेतला. आयव्हीएफमध्ये तयार झालेल्या भ्रूणाची गर्भाशयात सोडण्याआधी जी जनुकीय तपासणी करतात, तिला दवाखान्यात 'पीजीटी' म्हणतात. सोनोग्राफीसारखी ती आयत्या वेळी चिठ्ठीवर लिहून देता येत नाही. विशेषतः घरात थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर प्रयोगशाळेला तुमच्या कुटुंबापुरती तपासणी आधी जुळवून घ्यावी लागते आणि त्यात एक ते दोन महिने जातात. स्त्रीबीजं वाढवण्याची इंजेक्शनं मात्र दहा-बारा दिवसांत संपतात. हा हिशेब उलटा झाला की पैसा जातो, अंगावर काढलेला त्रास वाया जातो, आणि भ्रूण हातात असूनही त्यांचं काय करायचं ते कळत नाही.

खाली दिलेला क्रम सोडू नका. पहिल्या तीन टप्प्यांवर मी जास्त लिहिलंय, कारण चुका तिथेच होतात.

टप्पा १ : तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

'सगळं चेक करा' अशी कुठलीही तपासणी नसते. तपासण्या तीन प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे.

घरात एखादा ठरावीक आनुवंशिक आजार आहे, म्हणजे थॅलेसेमिया (रक्ताचा आजार), एसएमए (मज्जापेशींच्या बिघाडाने स्नायू कमकुवत होतात), डचेन स्नायुक्षय (मुख्यतः मुलग्यांत स्नायू झिजत जातात) यांसारखा, तर लागते ती पीजीटी-एम. पती किंवा पत्नीच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत अदलाबदल झालेले आहेत, ज्याला ट्रान्सलोकेशन म्हणतात, तर पीजीटी-एसआर. आणि भ्रूणात गुणसूत्रांची संख्या कमी-जास्त आहे का, एवढंच पाहायचं असेल तर पीजीटी-ए.

दोन-तीन गर्भपात झालेल्या जोडप्याला बहुतेक वेळा थेट पीजीटी-ए सुचवली जाते. त्याआधी दोघांच्या रक्ताचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, करा. साधारण ५०० माणसांत एकाला असं संतुलित ट्रान्सलोकेशन असतं. त्या माणसाला स्वतःला काहीही त्रास नसतो, आणि म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही. गर्भपात बायकोचा झाला तरी तपासणी दोघांची. नवऱ्याचं रक्त न घेता पुढे गेलेल्या फाइली मी अजूनही पाहते.

पीजीटी-एबद्दल माझं मत स्पष्ट आहे : वय कमी आणि इतिहास साधा असेल, तर ती सरसकट करू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्टार' या अभ्यासात २५ ते ४० वयाच्या स्त्रियांची तुलना केली होती. तपासलेल्या भ्रूणाच्या दर ट्रान्स्फरमागे (ट्रान्स्फर म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं) गर्भ टिकण्याचं प्रमाण ५० टक्के आलं आणि न तपासलेल्यात ४६ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. पस्तिशीपुढच्या गटात दर ट्रान्स्फरमागे फायदा दिसला. वय वाढतं तसं गुणसूत्रांत बिघाड असलेल्या भ्रूणांचं प्रमाण वाढत जातं आणि चाळिशीनंतर ते निम्म्याच्या वर असतं, त्यामुळे त्या वयात या तपासणीचा विचार करायला अर्थ आहे.

तपासून घ्या : "आम्हाला कोणती पीजीटी करायची आहे आणि का?" याचं उत्तर नवरा-बायको दोघांनाही डॉक्टरांशिवाय देता येतंय का? येत नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा २ : आजाराचा जनुकीय रिपोर्ट हातात घ्या

'डॉक्टर म्हणाले थॅलेसेमिया आहे' एवढ्यावर पीजीटी-एम होत नाही. कुठल्या जनुकात, नेमक्या कुठल्या जागी बदल आहे, ते सांगणारा डीएनए रिपोर्ट लागतो. आधी आजारी मुलाचा, मग आई-वडील दोघांचा.

थॅलेसेमियाबाबत इथे एक खास चूक होते. पत्नीचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं ९-१० असतं, म्हणून लोहाच्या गोळ्या चालू राहतात आणि ती वाहक असण्याची, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच दोष असण्याची, शंकाच कुणाला येत नाही. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत एचबीए-टू हा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर आला की बीटा थॅलेसेमियाची वाहक समजतात. पण शरीरात लोह फार कमी असेल तर हा आकडा खाली येऊ शकतो. म्हणून काठावरचा रिपोर्ट आला की लोहाची तपासणीही करा आणि डीएनएवर शिक्कामोर्तब करा. ज्या मुलाला सतत रक्त चढवलं जातंय, त्याच्या एचपीएलसीत दात्याचं रक्त मिसळलेलं असतं. तो रिपोर्ट पुरावा म्हणून धरू नका.

डचेनबाबत आणखी एक गोष्ट. साधारण एक तृतीयांश मुलांत हा बदल नव्याने झालेला असतो, आईकडून आलेला नसतो. आईची तपासणी न करताच तिला दोष देत बसलेली घरं पाहिली की फार वाईट वाटतं. आधी तिची तपासणी करा. तिच्या रक्तात बदल सापडला नाही, तरी पुढच्या बाळाला थोडा धोका उरतो, म्हणून तो रिपोर्ट घेऊनच समुपदेशकाकडे या.

सावधान : रिपोर्टवर 'व्हीयूएस' असं लिहिलंय का ते पाहा. त्याचा अर्थ, बदल सापडलाय पण तो आजाराला कारण आहे की नाही हे ठरलेलं नाही. अशा बदलावर विसंबून भ्रूण निवडायचे नसतात. पुढे त्याचं वर्गीकरण बदलू शकतं, तोवर थांबावं लागतं.

तपासून घ्या : डीएनएसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत जातं, कॅरिओटाइपसाठी हिरव्या. कॅरिओटाइपला जिवंत पेशी वाढवाव्या लागतात, त्यामुळे ती नळी फ्रीझरमध्ये टाकायची नाही आणि शनिवारी संध्याकाळी कुरिअरला द्यायची नाही. आठवड्याच्या सुरुवातीला नमुना द्या.

टप्पा ३ : घरच्यांचे नमुने, आणि घरच्यांशी बोलणं

भ्रूणातून काढलेल्या पेशी जेमतेम पाच ते दहा असतात. इतक्या थोड्या डीएनएत कधी कधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेली एक प्रत वाचलीच जात नाही. म्हणून प्रयोगशाळा नुसता दोष पाहत नाही, तर दोषाच्या आजूबाजूच्या खुणाही पाहते : दोष असलेली प्रत आजोबांकडून आली की आजीकडून, तिच्या शेजारी कोणत्या खुणा आहेत. या खुणा ठरवायला आजारी मुलाचं रक्त लागतं, आणि अनेकदा दोन्हीकडच्या आजी-आजोबांचंही. याला 'सेट-अप' किंवा 'प्रोब तयार करणं' म्हणतात. इंजेक्शनांआधी पूर्ण व्हायला हवं ते हेच काम.

कागल तालुक्यातलं एक जोडपं माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांचं मूल जाऊन वर्ष झालं होतं. आजाराचं नाव होतं, पण डीएनए रिपोर्ट नव्हता आणि नमुना कुठेच ठेवलेला नव्हता. मग आजी-आजोबा, दुसरं निरोगी भावंड, जुनी कागदपत्रं असं सगळं गोळा करत बरेच महिने गेले. तुमचं मूल आजारी असेल, तर त्याचा डीएनए आजच प्रयोगशाळेत राखून ठेवा. पुढचं मूल हवं की नको हे तुम्ही नंतर ठरवा. एवढं बोलताना मलाही जड जातं, पण मी ते प्रत्येकाला सांगते.

आता आपल्याकडची गोष्ट. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात आहे, आणि सासूला नुसत्या रिवाजाने नव्हे तर नात्यानेही आत्या म्हणणाऱ्या सुना कमी नाहीत. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं सामायिक असतात. त्यामुळे एकच दोष दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. शिवाय प्रयोगशाळेचंही काम अवघड होतं, कारण आजूबाजूच्या खुणाही सारख्याच निघतात आणि कोणती प्रत कुणाची हे वेगळं करता येत नाही. नातं लाजून लपवू नका. वंशावळ काढताना 'लांबचं आहे' असं मोघम सांगू नका. कोण कुणाचं कोण, ते तीन पिढ्यांपर्यंत लिहून आणा.

वडीलधाऱ्यांचं रक्त मागितलं की बहुतेक घरांत एकच उत्तर येतं : "आमच्या घराण्यात असलं काही नाही." इथे सुनेला पुढे करू नका. मुलाने आपल्या आईवडिलांशी बोलावं, मुलीने आपल्या. एवढंच सांगा : "आई, दोष दोन्हीकडून आला असेल तरच बाळाला आजार होतो. तुझं रक्त दोष शोधायला नकोय, बाळाला वाचवायला हवंय." थॅलेसेमियासाठी हे अगदी खरं आहे, आणि एसएमएतही बहुतेक वेळा असंच असतं : आई-वडील दोघेही वाहक असावे लागतात, एकट्या सुनेमुळे किंवा एकट्या मुलामुळे तो होत नाही.

थॅलेसेमिया असलेल्या थोरल्या मुलाला बोन मॅरो जुळेल असं भावंड हवं, असाही प्रश्न येतो. हे कायद्यात आणि तुमच्या केंद्रात कितपत चालतं ते पहिल्याच भेटीत विचारा, कारण प्रोब तसा बनवावा लागतो. गणितही समजून घ्या : आजार नसलेला आणि शिवाय मॅरो जुळणारा, असा भ्रूण सरासरी १६ पैकी ३.

सावधान : 'सेट-अप पूर्ण, तपासणी शक्य' असं प्रयोगशाळेचं लेखी पत्र आल्याशिवाय इंजेक्शन सुरू करू नका. वय जास्त किंवा एएमएच (बीजांचा उरलेला साठा दाखवणारा रक्तातला आकडा) खूप कमी असेल, तर डॉक्टर आधी भ्रूण साठवून ठेवा म्हणतील. ते योग्य असू शकतं. पण मग 'प्रोब जमला नाही तर या भ्रूणांचं काय' हे आधी लिहून घ्या.

टप्पा ४ : केंद्राची पारख आणि कायद्याची मर्यादा

राजारामपुरी असो, शाहूपुरी असो की पुणे-मुंबई, केंद्राकडे एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा २०२१ खाली नोंदणी हवी. प्रमाणपत्र भिंतीवर दिसायला हवं, मुदत संपलेली नको. उपचाराच्या वेळी स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं, ही कायद्याची अट. याच कायद्यानुसार पीजीटी ही माहीत असलेल्या आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच करता येते. बुद्धी, उंची, रंग यांची 'निवड' कुणी देऊ केली, तर उठून या.

मुलगा की मुलगी, हे विचारायचं नाही. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेआधीच्या लिंगनिवडीलाही लागू आहे, आणि निवड करून मागणाऱ्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रिपोर्टमध्ये लिंग लपवलेलं असतं. २००१ च्या जनगणनेत ज्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या, त्या जिल्ह्यात प्रत्येक फॉर्म बारकाईने पाहिला जाणारच, आणि पाहिला जायलाच हवा. कुणी एजंट 'बाहेरून रिपोर्ट काढून देतो' म्हणाला, तर महापालिकेचे आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे तक्रार करा.

डचेनसारख्या आजारात 'मुलगीच निवडली की सुटलो' असा समज आहे. आता थेट त्या जनुकाची तपासणी होते, त्यामुळे निरोगी मुलगाही ओळखता येतो.

केंद्राला विचारा : बायोप्सी (भ्रूणातून पेशी काढणं) कोण करतं? किती वर्षं करतंय? पेशी कोणत्या प्रयोगशाळेत जातात? नमुन्यावर नाव-नंबर टाकताना दुसरा माणूस साक्षीला असतो का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. बिचकू नका.

टप्पा ५ : पैसे आणि तारखा

एकच पॅकेजचा आकडा ऐकून समाधान मानू नका. सेट-अप, इंजेक्शनं, एग पिकअप (बीजं काढणं), इक्सी (बीजात एकच शुक्राणू टोचणं), बायोप्सी, दर भ्रूणामागे तपासणी, फ्रीझिंग, वार्षिक साठवण, ट्रान्स्फर, अशी प्रत्येक रक्कम वेगळी लिहून घ्या. एकही भ्रूण तपासण्याजोगा तयार झाला नाही, तर कोणते पैसे परत मिळणार, तेही. उसाच्या बिलावर बेत आखणाऱ्या घरांनी हे जास्त जपावं, कारण पहिल्या भेटीपासून ट्रान्स्फरपर्यंत पाच-सहा महिने सहज जातात आणि खर्च एकदम न येता तुकड्यातुकड्याने येतो.

तारखा ठरवताना पावसाळा लक्षात घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. शिरोळ, राधानगरी, गगनबावड्याकडून येणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये सायकल (उपचाराची एक फेरी) घेतलीच, तर शेवटचे चार दिवस शहरातच मुक्काम करावा.

टप्पा ६ : इंजेक्शनांपासून एग पिकअपपर्यंत

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इंजेक्शनं सुरू होतात. बहुतेक इंजेक्शनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेलं इंजेक्शन वितळवून वापरू नका, फेकून द्या. गडहिंग्लज, चंदगडहून एसटीने येणार असाल तर थर्मास किंवा बर्फाचा डबा घ्या, पण कुपी बर्फाला थेट टेकू देऊ नका.

ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची, वेळ मिनिटागणिक पाळायची. साधारण ३५-३६ तासांनी बीजं काढतात. रात्री साडेदहाचं इंजेक्शन कुणी साडेबाराला घेतलं आणि फोन केला नाही, तर सगळी सायकल वाया जाऊ शकते. उशीर झाला तर लपवू नका, लगेच कळवा. वेळ पुढे सरकवता येते.

नवऱ्याने नमुन्याआधी दोन ते पाच दिवस संबंध टाळावेत. त्या दिवशी दडपणाने नमुना देता येणार नाही असं वाटत असेल, तर आधीच साठवून ठेवा. पीजीटी-एममध्ये इक्सी करतात, कारण भ्रूणाला चिकटून राहिलेल्या शुक्राणूचा डीएनए रिपोर्ट चुकवू शकतो.

सावधान : पिकअपनंतर पोट फुगणं, धाप लागणं, लघवी कमी होणं, सतत उलट्या. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा.

टप्पा ७ : पाचवा दिवस आणि बायोप्सी

इथे आकडे गळत जातात, आणि मन त्यासाठी तयार नसतं. उदाहरण म्हणून : १२ बीजं मिळाली, ९ पक्व निघाली, ७ फलित झाली, ३ ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे पाच-सहा दिवसांच्या भ्रूणापर्यंत, पोचली. थॅलेसेमियात चारातला एक आजारी, म्हणजे वापरण्याजोगे दोनच्या आसपास उरतात. बारा बीजं ऐकून पेढे वाटले जातात आणि दहा दिवसांनी घर गप्प होतं. पहिल्या दिवसापासून हा हिशेब समोर ठेवा.

पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून, ज्यातून पुढे वार तयार होते, पेशी काढतात. भ्रूण तुमच्याच केंद्रात उणे १९६ अंशांवर राहतो, प्रवास फक्त पेशी करतात. भ्रूण कमी मिळत असतील, तर दोन सायकलींचे भ्रूण एकत्र करून तपासता येतात का ते विचारा.

तपासून घ्या : भ्रूणांच्या क्रमांकांचा कागद त्याच दिवशी मागा. रिपोर्ट येईल तेव्हा क्रमांक याच कागदाशी ताडायचे आहेत.

टप्पा ८ : रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट दोन ते चार आठवड्यांत येतो. फोनवर ऐकून निर्णय घेऊ नका. दोघांनी समोर बसून वाचा.

'कॅरिअर' म्हणजे वाहक. टाकून द्यायचा नाही. थॅलेसेमियात सरासरी निम्मे भ्रूण वाहक निघतात, आणि ती बाळं तुमच्यासारखीच धडधाकट असतात. भीतीपोटी वाहक भ्रूण नको म्हणणाऱ्या आईला मी विचारते, "तुम्हीही वाहकच आहात ना?"

'नो रिझल्ट' म्हणजे वाईट नव्हे, तपासणी झाली नाही एवढंच. पुन्हा बायोप्सीचा पर्याय असतो. 'मोझेक' म्हणजे काही पेशी ठीक, काही बिघडलेल्या. दुसरा चांगला भ्रूण नसेल, तर समुपदेशनानंतर असे भ्रूणही सोडले जातात आणि त्यातून निरोगी बाळं जन्मलेली आहेत.

टप्पा ९ : ट्रान्स्फर

पुढच्या एखाद्या पाळीत गर्भाशयाचं अस्तर तयार करून एकच भ्रूण सोडावा. तपासलेले दोन सोडले तर जुळ्यांची जोखीम उगाच ओढवते. गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा एकही डोस चुकवू नका. नंतर पंधरा दिवस पलंगावर पडून राहायची गरज नाही, त्याने गर्भ जास्त टिकत नाही. घरी पट्टीवर रोज तपासणी करू नका. सांगितलेल्या तारखेला रक्ताची बीटा एचसीजी ही गर्भधारणेची तपासणी करा.

सावधान : ज्या महिन्यात ट्रान्स्फर आहे, त्या महिन्यात निरोधाशिवाय संबंध ठेवू नका. त्या महिन्यात नैसर्गिक गर्भ राहिला तर तो न तपासलेला असतो, आणि सगळे समजत राहतात की तपासलेलाच आहे. चुकीच्या निदानामागे हे एक खरं कारण आहे, आणि ते सांगायला दवाखान्यात संकोच केला जातो.

टप्पा १० : गर्भ राहिल्यावर

पीजीटी-एम झाली म्हणून गरोदरपणातली पक्की तपासणी सोडू नका. ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांच्या पुढे गर्भजल, यातलं काय करायचं ते आधीच ठरवा. टप्पा २ मधला डीएनए रिपोर्ट त्याच प्रयोगशाळेकडे द्या. पीजीटी-एनंतरही नेहमीची एनटी सोनोग्राफी (गर्भाच्या मानेमागचं पाणी मोजणारी) आणि विसाव्या आठवड्याच्या आतली तपशीलवार सोनोग्राफी करायचीच.

केंद्राकडून डिस्चार्ज सर्टिफिकेट घ्या, त्यात काय प्रक्रिया झाली ते लिहिलेलं असतं. उरलेले भ्रूण कायद्याने जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. साठवणीचं शुल्क दर वर्षी भरावं लागतं, आणि मोबाइल नंबर बदलला म्हणून स्मरणपत्रच न पोचलेली जोडपी मी पाहिली आहेत. नंबर बदलला की त्याच आठवड्यात केंद्राला लेखी कळवा, पोच घ्या आणि ती फाइलच्या पहिल्या पानाला लावा.